नेमणूक घरच्या जिल्ह्यात

राजधानी, १४ जानेवारी १९९७

प्रिय जनेल,

तुझी काकू म्हणते, पुतणीला सरळ फोन करायचा सोडून कागद काय काळे करत बसता. पण फोनवर आधी तीच अर्धा तास बोलते, आणि माझ्या हातात येईतो 'थंडी आहे ना तिकडं?' यापलीकडे बोलायला काही उरत नाही. शिवाय तुझा बाप वॉल्टर आणि मी, आम्ही भाऊ सैन्यात असल्यापासून एकमेकांना पत्रंच लिहायचो. तो गेल्यापासून ही खाज भागलेली नाही. आता ती तुझ्यावर भागवतो.

इथं बर्फानं कहर मांडलाय. विधिमंडळ भरतं दोन वर्षांतून एकदा आणि तेही नेमकं या दिवसांत, कारण पेरणीच्या वेळी आम्ही शेतकरी आमदार कुणाच्या हाती लागणार नाही. काल महामार्ग गस्तदलाचे मुख्य कॅप्टन आमच्या समितीपुढे येऊन जवळजवळ रडलेच. पोरं भरती होतात, अकादमीत शिकतात आणि अंगावरचा गणवेश जुना व्हायच्या आत सोडून जातात. आपल्याकडचं तुला सांगायला नको. हॅरोल्ड रेमचा ट्रॅक्टर महामार्गावर उलटला तेव्हा गस्तीची गाडी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला बाहेर काढून, घरी नेऊन, सूपसुद्धा पाजलं होतं.

तर मी विधेयक आणतोय. दलात माणसं यावीत आणि टिकावीत यासाठी. वयाची अट सैल करायची, सैन्यातली नोकरी धरायची, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण ही वरवरची मलमपट्टी झाली. तू स्वतः दलात आहेस, तू मला खरं सांग. पोरं का जातात? तू कारण लिही, मी कलम लिहितो.

तुझा,
डेल्बर्टकाका

---

रेड कूली, २ फेब्रुवारी १९९७

प्रिय काका,

पगार कमी आहे, हे तर आहेच. पण माझ्याबरोबरचा ट्रॉय गेला तो पगारापायी नाही. त्याचं बाळ राज्याच्या एका टोकाला वाढत होतं आणि तो दुसऱ्या टोकाला बर्फात घसरलेले ट्रक मोजत होता. दलाचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे: नव्या माणसाला घरचा जिल्हा द्यायचा नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण मोडतही कुणी नाही. मग बायका कंटाळतात, आईबाप म्हातारे होतात, आणि एक दिवस माणूस टोपी टेबलावर ठेवून घरी जातो.

आई अंगणात घसरून पडली होती, हे तुम्हाला माहीत असेल. पोस्टमन आला म्हणून उचलली गेली. मला चार दिवसांनी कळलं, तेही तिनं नाही, काकूनं सांगितलं. मी त्या दिवशी गाडी कडेला लावून रडले. गणवेशात रडायचं म्हणजे आधी वायरलेस बंद करावा लागतो.

आमचे सार्जंट ऑस्टबी या रिवाजाच्या बाजूचे आहेत. म्हणतात, "ज्या गावानं तुला नागडं हुंदडताना पाहिलंय, त्या गावात तू कुणाला थांबवणार?" मला वाटतं, ते बरोबर बोलतात. आणि तरीही मला घरी यायचंय, काका. हे लिहितानाही लाज वाटते. कुणाला सांगू नका.

तुमची,
जनेल

---

राजधानी, २० मार्च १९९७

प्रिय जनेल,

झालं! दोन्ही सभागृहांत पास, राज्यपालांची सही परवा होईल. आणि कलम चार माझं, शब्दन् शब्द माझा: दलातल्या कोणाही माणसानं मागणी केली तर त्याला घरच्या जिल्ह्यात नेमणूक द्यावी.

आता एक गोष्ट कबूल करतो, रागावू नकोस. समितीत गाडं अडलं होतं. कॅप्टनसाहेब रिवाज, रिवाज करत बसलेले. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "माझी सख्खी पुतणी रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडते, ती आपल्या आईसाठी." नाव घेतलं नाही. आपल्या फेट्टिग आडनावाची बाई दलात एकच आहे, हे खाली बसल्यावर लक्षात आलं. पण अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले गं! त्या क्षणी मला कळलं, की हे पास होणार.

सहकारी चिडवत असतील तर चिडवू दे. मागणीचा अर्ज आधी टाक, म्हणजे पहिला नंबर तुझा. तुझ्या आईला, आर्डिस वहिनींना, मी सांगितलंय. त्यांनी तुझी खोली झाडायला घेतलीसुद्धा.

डेल्बर्टकाका

---

क्रेसबाख, ८ जून १९९७

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला कॅन्ससमध्ये कुठल्या गव्हाच्या शेतात गाठणार देव जाणे. कंत्राटी कापणीची यंत्रं घेऊन तुम्ही उत्तरेकडे सरकताय आणि पत्रं तुमच्या मागं धावतायत.

रेड कूलीत निरोपाच्या वेळी पोरांनी मला रुमालांचा खोका भेट दिला. रडायला. मी हसले, पण कानापर्यंत तापले होते. असो. आता घरी आहे. सकाळी आई स्वयंपाकघरात पीठ मळताना काहीतरी पुटपुटते, ते ऐकत मी बूट घालते. यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. हे मनापासून लिहितेय.

आता दुसरी बाजू. इथं समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरून बोट उचलून नमस्कार करतो, आणि मग मला त्याच्या मागं दिवा लावून जावं लागतं. ल्युएलाबाईंना थांबवलं तर म्हणाल्या, "अगं, तुझे लंगोट बदललेत मी!" मी म्हटलं, "बाई, मग वेग तरी जपून ठेवायचा ना." दंडाची चिठ्ठी फाडून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे डबाभर बिस्किटं पाठवली, चिठ्ठी आत घालून. आईनं डबा तसाच परत केला. पण तिचा चेहरा उतरला होता.

काका, मला कुणालाच सोडता येणार नाही. एकाला सोडलं की संपलं. हे तुम्ही तरी समजून घ्या.

तुमची,
जनेल

---

कॅन्सस, २१ जून

प्रिय जनेल,

कार्डावर मावेल तेवढंच. मुळीच कुणाला सोडू नकोस. मला पकडलंस तर मीच तुझ्या छातीवर पदक लावीन! गहू झकास आहे, पाठ मोडलीय. जत्रेला घरी पोचतो. मिरवणुकीत मला गाडीवर उभं करणार आहेत म्हणे, विधेयकाबद्दल.

डे. काका

---

शेतावरून, ११ ऑगस्ट १९९७

प्रिय जनेल,

दहा मैलांवर राहून पत्र लिहितोय. तुझ्या काकूनं विचारलं, "तोंड नाही का?" नाही आत्ता, असं समज.

शनिवारच्या प्रकाराबद्दल माझा तुझ्यावर राग नाही, हे आधी सांगून टाकतो. तू तरुण आहेस, नोकरीत नाव कमवायचंय. पण ऊन रणरणतं होतं, मी दुपारभर त्या मिरवणुकीच्या गाडीवर उभा, आणि बियर म्हणशील तर एक, फार तर दीड. मधली पट्टी मी ओलांडली असेन तर ती पाणी आलेल्या डोळ्यांनी. तेवढ्यासाठी, दारू चढलीय का ते बघायला, भर रस्त्यात मला त्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालवायचं? आणि बेड्या? अख्खी जत्रा घरी निघाली होती गं. एकेक गाडी हळू होऊन बघून जात होती. मी तुला सायकल शिकवली ती याच रस्त्यावर.

असो. सरकारी वकील आपल्या ओळखीचा आहे. तुझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याची जी फीत आहे, ती पाठवायची तू घाई करू नकोस, एवढंच. अशा वस्तू कधीकधी खराब निघतात. मग हे आपोआप मिटेल आणि आपण सगळे मोकळे होऊ.

काकू रविवारी जेवायला बोलावतेय.

डेल्बर्टकाका

---

क्रेसबाख, १५ ऑगस्ट १९९७

काका,

फीत त्याच संध्याकाळी पाठवली. बरं झालं, नाहीतर तुमच्या पत्रानंतर मी दोनदा विचार केला असता.

तुम्हाला बहुतेक काही आठवत नाही. म्हणून फितीवर काय आहे ते लिहिते. तुमचा पिकअप दोनदा समोरच्या बाजूला गेला. दुसऱ्यांदा समोरून गाडी येत होती आणि ती खड्ड्यात उतरली म्हणून तुम्ही दोघं वाचलात. त्या गाडीत ल्युएलाबाई होत्या. दीड बियरला तुमचे शब्द इतके घसरत नाहीत. मी किल्ली मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "कोणामुळं घरी आलीस, विसरलीस का? एक फोन केला तर उद्या पुन्हा रेड कूलीत बर्फ मोजशील."

आणि मग मी काय केलं ते ऐका. मी किल्ली तुम्हाला परत दिली. माझ्या हातानं. "जा काका, सावकाश जा," असं म्हणाले. तुम्ही दार लावायला लागलात तेव्हा मला खड्ड्यातली ती गाडी दिसली, ल्युएलाबाई उतरून उभ्या होत्या, आणि मी परत किल्ली मागितली. बेड्या त्यानंतर घातल्या. त्या नियमानं घातल्या, पण खरं सांगते, थोड्या माझ्या स्वतःच्या रागानं पण घातल्या. तुमच्यावरचा नाही, माझ्यावरचा राग.

मी जन्मात इतकी शरमले नव्हते. तुमच्या धमकीनं नाही. त्या किल्लीनं. हे अजून आमच्या जिल्ह्याच्या कॅप्टनना तोंडी सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगतेय, कारण बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

रविवारी येणार नाही. काकूला नमस्कार.

जनेल

---

शेतावरून, १९ सप्टेंबर १९९७

प्रिय जनेल,

महिनाभर तुझं काही नाही, माझंही नाही. आता सगळं मिटलंय, म्हणून लिहितो.

मी शहरातला वकील केला. काल कोर्टात दारूचा आरोप मागं घेतला गेला, राहिलं फक्त निष्काळजीपणे गाडी हाकल्याचं. दंड भरला. वकिलाचा मुद्दा इतकाच होता, की ज्या अर्थी शिपायानं किल्ली परत दिली त्या अर्थी तिलाही माणूस शुद्धीवर वाटला असणार. न्यायाधीशांना पटलं. तुला साक्षीला उभं राहावं लागलं नाही, हेही बरंच. तुझी अडचण वाचली, माझी वाचली, घराण्याचं नाव राहिलं.

धान्याच्या कोठारावर सकाळी कॉफीला बसतो तिथं विषय निघतोच. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलत नाही. लोक म्हणतात, "पोरीनं उगाच केलं, बघ कोर्टानंच सांगितलं." मी गप्प बसतो.

आता आर्डिस वहिनींना आमच्याकडे यायला सांग. त्या रस्त्यात भेटल्या तर कुंपणाकडे बघतात.

डेल्बर्टकाका

---

क्रेसबाख, २ ऑक्टोबर १९९७

काका,

ती फीत लांबलचक आहे. तुमच्या वकिलानं ती नेमकी किल्लीशी थांबवली, आणि आवाज बंद ठेवून दाखवली. नुसतं बघून ते पटकन लक्षात येत नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे मी. कुठं बघायचं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते ठाऊक असलेली माणसं तीन: मी, कॅप्टन आणि तुम्ही.

तुम्ही म्हणता मिटलं. मागच्या आठवड्यात मी पकडलेल्या एका ट्रकवाल्याचा खटला होता. त्याच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला: "बाई, याला किल्ली परत दिली होती का?" कोर्ट हसलं. यापुढे प्रत्येक खटल्यात हे होणार. कॅप्टन भले माणूस आहेत. म्हणाले, पश्चिमेला रेड कूलीत परत जा. पण वकील तिथंही असतात. ज्या शिपायाच्या साक्षीला कुणी हसतं, तो गणवेश घालून नुसता रस्त्यावर उभा राहतो.

पेट्रोल पंपावर मी आत गेले की बोलणं थांबतं. स्टिअरिंगवरचं बोट आता कुणी उचलत नाही. आईच्या शिवणाच्या गटातल्या बायकांनी जागा बदलली, तिला कळवलं नाही. ती ठरल्या वेळी जुन्या जागी जाऊन बसून आली. मला म्हणाली, "आज कुणालाच जमलं नाही वाटतं."

मी काल राजीनामा दिला. पूर्वेला नदीकाठच्या साखर कारखान्यात बीटच्या ट्रकांचं वजन करायला माणसं हवीत. उद्या निघते. आई इथंच राहणार म्हणते. तिच्यासाठीच आले होते मी.

तुमच्या विधेयकाला मी दोष देत नाही. मला यायचं होतं.

जनेल

---

शेतावरून, २० ऑक्टोबर १९९७

प्रिय जनेल,

मीच सांगितलं वकिलाला. तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही, अशी मनाची समजूत घालत होतो. तोंडी सांगितलं. त्यात फरक काय, ते मला कुणी विचारू नये.

राजधानीतून मुख्य कॅप्टनचा फोन आला होता. कलम चारमुळं अर्ज दुप्पट झालेत, पुढच्या सत्राच्या सुरुवातीला माझा सत्कार करायचाय. मी म्हटलं, "ते कलम मी काढून टाकायला सांगणार आहे." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय. काढायचं तर समितीपुढे उभं राहून कारण सांगावं लागेल. ते मी सांगेन. पण त्याआधी इथं सांगायला हवं, असं काकू म्हणाली. "राजधानीत शूर होणं सोपं आहे," म्हणाली.

म्हणून काल चर्चच्या सुगीच्या जेवणात प्रार्थना झाल्यावर मी उठलो. सगळी माणसं होती, दोनशे तरी असतील. मी सांगितलं, की दीड बियर नव्हती, मोजायच्या पलीकडे होती. ल्युएलाबाई माझ्यामुळं मरता मरता वाचल्या. मी पुतणीला धमकी दिली, तिनं मला विश्वासानं सांगितलेलं वकिलाला विकलं, आणि तुम्ही कोठारावर तिला नावं ठेवत होता तेव्हा कॉफी पीत बसलो. पोरीनं केलं ते बरोबर केलं.

मला वाटलं होतं, कुणीतरी उठून जाईल. कुणी थुंकलं असतं तरी चाललं असतं. पण हॅरोल्ड रेम माझ्याजवळ आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे, माणसाच्या हातून होतं. एवढं काय मनाला लावून घेतोस?" मग दुसरा आला. ल्युएलाबाईसुद्धा आल्या, माझा गाल कुरवाळला, म्हणाल्या, "केवढं धैर्य लागतं याला!" कुणीतरी माझ्या हातात ताट दिलं, सॉसेज आणि आंबट कोबी, इतरांपेक्षा दुप्पट वाढलेलं. सगळे बोलायला लागले, हसायला लागले. मला माफ करायला त्यांना जेवण गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. तुझं नाव एकानंही काढलं नाही. तू कुठं आहेस, परत येशील का, तुला कुणी लिहायचं का, काही नाही.

आणि मी काय केलं? मी बसलो आणि जेवलो, जनेल. छातीवरचा धोंडा उतरला होता, भूक लागली होती. सगळं संपवलं.

ताट रिकामं झाल्यावर वर बघितलं तर भिंतीकडे आर्डिस वहिनींचं टेबल. दरवर्षीसारखे त्यांनी कूखनचे गोड केक करून आणले होते, साईचे आणि आलुबुखारचे. एकालाही सुरी लागलेली नव्हती. त्या टेबलामागे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि मी उठलो, बोललो, जेवलो, हे सगळं त्यांनी तिथून पाहिलं होतं.

मी जाऊन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "वहिनी, मला एक तुकडा द्या." मनात हेही होतं, की मला इथं बसलेलं बघून लोक येतील. आणि खरंच, दोघं-तिघं बशा घेऊन उठलेही.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळूच म्हणाल्या, "ऊठ, डेल्बर्ट. तू बसलास तर ते येतील. तुझ्यासाठी आलेल्यांना मी माझ्या हातानं वाढणार नाही."

मी उठलो. बशा घेतलेली माणसं वळून आपापल्या जागी गेली.

डेल्बर्ट